मदतनीस हवा

भार हा शब्द आपल्या भाषेने फार निरनिराळ्या रीतींनी वापरला आहे. एखादा गृहस्थ भारदस्त असला म्हणजे आपण त्याला मान देतो, आणि तोच उतारवयात भारभूत झाला म्हणजे त्याच्याकडे पाहून सुस्कारा टाकतो. आपण कोणावर भार टाकतो, कोणाचा भार हलका करतो, कोणाच्या उपकारांनी भारावून जातो. शब्द एकच; पण तो पेलणारा कोण आणि कसा, यावर त्याचा अर्थ फिरतो. तीस वर्षे मुलांना हे वाक्प्रचार शिकवीत आलो. परंतु ‘भार पेलणे’ म्हणजे नेमके काय घडते, याचा बारकाईने विचार करण्याचा प्रसंग माझ्यावर आणला तो एका मोटारीने. ही मोटार माझी नव्हे, पुतण्याची. आणि मोटारीतील विद्येशी माझा संबंध प्रवाशाच्या आसनापलीकडे कधी गेलेला नव्हता.

आमचे दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, आता पंचाहत्तरीत आहेत. मणक्याच्या दुखण्याने ते त्रस्त असतात. गाडीला गचका बसला की त्यांचा चेहरा पांढरा होतो, तोंडातून मात्र शब्द निघत नाही. दर मंगळवारी त्यांना व्यायामोपचारासाठी न्यावे लागते. रिक्षातले हादरे त्यांना सोसत नाहीत, म्हणून पुतण्याने एक वापरलेली, उंच, जीपच्या वळणाची मोटार घेतली. हल्ली हिला एस.यू.व्ही. म्हणतात. पूर्वीच्या मालकाला जंगलवाटांची हौस असावी. त्याने मागच्या आसावरच्या मूळ स्प्रिंगा काढून दोन इंच उंच स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. गाडी चढायला थोडी उंच, पण चाल मऊ. दादा एकदा बसले आणि म्हणाले, “ही गाडी माणसाचे ऐकते.” आमच्या घरी याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही.

दादांच्या मनात पुष्कळ वर्षे एक इच्छा होती, नर्मदेच्या परिक्रमेची. आम्हा माळव्यातील मराठी माणसांना नर्मदा ही केवळ नदी नाही, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. अमरकंटकापासून खंबायतच्या आखातापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या मैयेला उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता, दोन्ही तीरांनी फिरून यायचे. पायी यथासांग परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात अशी परंपरा आहे. ते भाग्य आता दादांच्या पायांना लाभणारे नव्हते. पण अलीकडे वाहनाने दोन-तीन आठवड्यांत परिक्रमा करणारे पुष्कळ आहेत. पुतण्या म्हणाला, “काका, बाबांना मी नेतो. गाडी आहे, मी आहे. आता नाही तर कधी?” या ‘आता नाही तर कधी’ला कोणापाशी उत्तर नव्हते.

कार्तिकी एकादशीनंतर निघायचे ठरले. दादा, वहिनी, वहिनींची विधवा बहीण, आमची धाकटी बहीण, माझी पत्नी, पुतण्या आणि सून अशी सात माणसे. शाळेचे वर्ष ऐन भरात असल्यामुळे मला जाणे शक्य नव्हते. निघण्याच्या आठ दिवस आधी पुतण्याने रंगीत तालीम म्हणून गाडीत सगळे सामान भरले आणि सगळ्यांना बसवून पाहिले. मी अंगणात उभा होतो. गाडीची मागची बाजू भिजलेल्या घोंगडीसारखी खाली आली आणि तोंड आभाळाकडे झाले. ओझे मागे जाऊन पुढचा भाग हलका पडला की आपल्याकडील जुने लोक बैलगाडीला ‘उलाळ’ झाली म्हणत. टांगेवाले अशा वेळी एखाद्या उतारूला पुढे सरकायला सांगत, हे दादांनी आठवणीने सांगितले. पण मोटारीत पुढे सरकायला जागा नसते. उलाळ मोटारीची पुढची चाके हलकी पडतात, त्यामुळे सुकाणू पुरते ऐकत नाही. ब्रेक लावला तर पुढच्या टायरांची रस्त्यावरची पकड हवी तशी राहत नाही. आणि रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दोन इंच उंच केलेल्या स्प्रिंगांची उंची सात माणसे आणि त्यांचे सामान यांनी पुरती गिळून टाकली होती.

उंच स्प्रिंगा बसवल्या असता हे का व्हावे, असा प्रश्न मला पडला, आणि शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी तो फळ्यावर सोडवून दाखविला. स्प्रिंग दबते ती भाराच्या प्रमाणात. हा नियम रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाचा. १६७६ मध्ये त्याने तो कोड्यासारखा प्रसिद्ध केला. लॅटिन वाक्यातील सगळी अक्षरे वर्णक्रमाने मांडली, म्हणजे श्रेय तर सुटू नये आणि गुपितही फुटू नये! पुढे १६७८ मध्ये त्याने त्याची उकल केली : जसा ताण, तसे बळ. आता समजा, एक स्प्रिंग दर ३० किलोंना एक सेंटिमीटर दबते. मागच्या दोन स्प्रिंगांवर मिळून ३०० किलो अधिक भार आला, तर प्रत्येकीवर १५० किलो येतात आणि गाडी ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच खाली येते. स्प्रिंग नुसती लांब केली पण तितकीच मऊ ठेवली, तर ती उंचीवरून दबायला सुरुवात करते इतकेच; दबते तेवढीच. उंची आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत उंच मुलाला मागच्या बाकावर बसवताना आणि मॉनिटर नेमताना आपण हाच भेद विसरतो.

यावर सरळ उपाय म्हणजे अधिक कडक स्प्रिंगा. पुतण्याच्या ओळखीच्या गॅरेजमधील मिस्त्रींनी तोच सुचविला. परंतु कडक स्प्रिंग भार असताना शहाणी असते. भार उतरला की ती उर्मट होते. रिकाम्या गाडीत ती प्रत्येक खड्डा जसाच्या तसा पाठीपर्यंत पोचविते. परिक्रमा तीन आठवड्यांची. मंगळवार मात्र वर्षभर येत राहणार. ज्या पाठीसाठी गाडी घेतली तिलाच शिक्षा होईल, हे वहिनींनी आमच्या आधी ओळखले. “यात्रेला नेता नेता त्यांना आजारी पाडू नका,” एवढेच त्या म्हणाल्या.

तेव्हा मिस्त्रींनी दुसरा उपाय काढला : हवेच्या पिशव्या. यांना ते ‘हेल्पर’ म्हणत, आणि मला तो शब्द आवडला. पॉलियुरेथेनच्या जाड, लवचीक द्रव्याची एक नळकांड्यासारखी पिशवी स्प्रिंगच्या वळ्यांच्या आत, पोकळीत बसवतात. तिच्यातून एक बारीक नळी बाहेर आणून तिला सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह लावतात. भार असला की पंपाने हवा भरायची. भार उतरला की सोडून द्यायची. मूळ स्प्रिंग जागच्या जागी राहते. पिशवी तिच्या शेजारी नव्हे, तिच्या पोटात उभी राहून हात देते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९४९ पासून अशा पिशव्या करणारा कारखाना आहे. हवेवर गाडी चालविण्याची कल्पना त्याहूनही जुनी. बेलफास्टच्या डनलॉपने हवेच्या टायरचा हक्क नोंदविला तो १८८८ मध्ये.

या पिशवीचे गणित मी स्वतः मांडून पाहिले. पिशवीचा व्यास चार इंच धरला, तर तिच्या माथ्याचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच होते. अशा पिशव्यांत साधारणतः दर चौरस इंचाला ५ ते ३५ पौंड दाबाची हवा भरतात. ३५ पौंडांचा दाब असता एक पिशवी सुमारे ४४० पौंड, म्हणजे २०० किलो उचलून धरते. दोघी मिळून ४०० किलो. नुसती हवा! शिवाय हवेचा एक गुण स्प्रिंगेत नाही. स्प्रिंग पहिल्या सेंटिमीटरला जितका विरोध करते तितकाच पाचव्याला करते. हवा मात्र जितकी दाबावी तितकी अधिकाधिक हट्टी होत जाते. बंदिस्त हवेचे आकारमान घटले की तिचा दाब त्याच प्रमाणात वाढतो, हा नियम रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडला. आणि गंमत अशी की, ज्या पंपावर बॉइलचे हवेचे प्रयोग झाले, तो बांधणारा त्याचा साहाय्यक होता तरुण रॉबर्ट हुक. स्प्रिंगेचा नियम सांगणारा आणि हवेचा नियम सांगणारा हे दोघे एकाच प्रयोगशाळेतले. साडेतीनशे वर्षांनंतर त्यांचे नियम आमच्या गाडीच्या मागच्या चाकांवर पुन्हा एकत्र आले.

परंतु उंच केलेल्या स्प्रिंगांत ही पिशवी बसविणे दिसते तितके सोपे नाही. पिशव्या सामान्यतः मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठी केलेल्या असतात. स्प्रिंग लांब असेल तर पिशवी आखूड पडते आणि वर मोकळी जागा राहते. खड्ड्यात चाक खाली लोंबले की वेटोळी ताणून विरळ होतात; सैल पिशवी त्यांच्या फटीत सरकते आणि चाक वर येताना चिमटीत सापडते. म्हणून एक तर उंच स्प्रिंगांसाठी केलेली लांब पिशवी घ्यावी, नाही तर खाली योग्य जाडीचा ठोकळा ठेवून ती जागा भरून काढावी. पिशवी रिकामीही कधी ठेवू नये. भार नसला तरी पाचेक पौंड हवा तिच्यात असावीच, म्हणजे ती दुमडत नाही आणि घासत नाही. धुराची नळी तापते, तिच्यापासून पिशवी आणि नळ्या दूर राहतील असे पाहावे. आणि दोन्ही पिशव्यांना जोडणारी एकच सामाईक नळी न घेता दोन वेगळ्या नळ्या घ्याव्यात. कारण सामाईक नळी असेल तर वळणावर ज्या बाजूवर भार येतो त्या बाजूची हवा पळून दुसऱ्या बाजूला जाते, आणि गाडी अधिकच कलते. आधीच उंच केलेल्या गाडीला कलण्याची खोड जास्त. तिला ही सवलत देऊन चालत नाही.

एक मुद्दा मात्र वादाचा झाला. स्प्रिंग पुरती दबली तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून एक रबरी ठोकळा असतो. काही गाड्यांत तो वेटोळ्याच्या आत असतो आणि पिशवीला जागा करण्यासाठी तो कापावा लागतो. मग पिशवीतील हवा गेली तर खाली काहीच उरत नाही. आमच्या गाडीत तो सुदैवाने स्प्रिंगेच्या बाहेर होता. तरीही मिस्त्रींच्या मदतनिसाचे मत तो काढून टाकावा असे पडले, म्हणजे चाल आणखी मऊ होईल. पुतण्याने ते मानले नाही. तो म्हणाला, “मदतीला कोणी आले म्हणून घरचा राखणदार काढायचा नसतो.” हे वाक्य त्याने कोठून आणले ते ठाऊक नाही, बहुधा वहिनींकडून.

कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा नियम पुन्हा स्पष्ट केला. आधीच्या मालकाने काय केले होते, आपण काय करणार आहोत, हे पुतण्याने परिवहन कार्यालयात जाऊन विचारले आणि विमा कंपनीला लेखी कळविले. वाचकांपैकी कोणाला अशी हौस वा गरज असेल, तर त्यांनी मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी ही वाट धरावी.

पिशव्या बसल्या. रिकाम्या गाडीची चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून ठेवली होती. सगळे भरले, सगळे बसले, आणि पंपाने हवा भरत भरत गाडी पुन्हा त्या उंचीवर आणली. काटा तीस पौंडांवर गेला. गाडी समतल! घरात आनंद झाला. सूनबाईंनी धान्याची आणखी एक गोणी आत ठेवली. माझ्या मनात मात्र शंका आली, आणि ती मी बोलून दाखविली. गाडी समतल दिसते. पण भार कोठे गेला? पिशवीने तो उचलून धरला हे खरे, पण नाहीसा तर केला नाही. तो त्याच आसावर आहे, त्याच टायरांवर आहे, आणि उतारावर त्याच ब्रेकांना तो थांबवायचा आहे. पिशवीने गाडीची उंची वाढते. तिची पात्रता वाढत नाही. निर्मात्याने किती भाराची मुभा दिली आहे ते गाडीवरच्या पट्टीवर कोरलेले असते, आणि पिशवी ती अक्षरे पुसू शकत नाही. पूर्वी गाडी वाकून तरी सांगत होती की, बाई ग, फार झाले. आता आपण तिची तक्रारच बंद केली.

पुतण्याला हे पटले नाही. पण तो मला उलट बोलत नाही. तो गप्प राहतो. शेवटी दादाच म्हणाले, “वाद कशाला? काट्यावर चला.” धान्यबाजाराजवळच्या धर्मकाट्यावर आम्ही गाडी नेली. आधी नुसती पुढची चाके काट्यावर, मग सबंध गाडी. वजाबाकी केली की मागच्या आसाचा भार कळतो. सातही जण गाडीत बसून होते. काटेवाल्याने चिठ्ठी फाडून दिली. मागच्या आसावर मुभेपेक्षा ९० किलो अधिक होते.

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. ९० किलो म्हणजे दीड माणूस. प्रत्येक जण मनातल्या मनात इतरांना मोजीत होता आणि स्वतःला वगळीत होता, नाही तर स्वतःलाच पुढे करीत होता. प्रथम बोलल्या त्या वहिनींच्या भगिनी. “मी राहते,” त्या म्हणाल्या, “माझे काय, पुढच्या वर्षी.” ज्याला कोणी नसते त्याने पहिल्यांदा उठायचे, ही आपल्या घरांतली जुनी रीत, आणि ती रीत त्या इतक्या सहज पाळीत होत्या की पाहणाऱ्याला लाज वाटावी. माझी पत्नी आणि बहीणही मागोमाग म्हणाल्या, “आम्ही राहतो.” दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माणूस कोणी राहायचे नाही. सामान राहील. लोक परिक्रमेला सदावर्ताच्या भरवशावर जातात आणि आपण अर्धे स्वयंपाकघर घेऊन निघालो आहोत.” वहिनी कळवळून म्हणाल्या, “तुम्हाला तिखट चालत नाही.” “वरणभात कोठेही मिळतो,” दादा म्हणाले.

मग यादी झाली. गॅसचा सिलिंडर आणि शेगडी, धान्याच्या गोण्या, पाण्याच्या दोन मोठ्या कॅनपैकी एक, पत्र्याची पेटी, जादा गाद्या, टपावरची लोखंडी जाळी. असे दीडशे किलो उतरले. यातले पुष्कळसे मागच्या आसाच्याही मागे रचलेले होते. अशा जागी ठेवलेले ओझे तरफेच्या न्यायाने मागच्या आसावर आपल्या वजनाहून अधिक भार घालते आणि तेवढे पुढच्या चाकांवरून उचलून आणते. म्हणून तेथले एक किलो उतरवले की फायदा एका किलोहून अधिक होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा काट्यावर गेलो, तेव्हा मागचा आस मुभेच्या बऱ्यापैकी आत होता, आणि गाडी समतल ठेवायला वीस पौंड हवा पुरली. चिठ्ठी पुतण्याने घडी करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवली. ‘तुमचे बरोबर होते’ असे तो म्हणाला नाही. मीही ते ऐकण्याची वाट पाहिली नाही.

ओंकारेश्वराहून दक्षिण तीराने ते निघाले. रोज रात्री दूरध्वनी येई. बडवानीच्या पुढे, सातपुड्याच्या कुशीत, एका सकाळी गाडी डाव्या अंगाला किंचित कललेली दिसली. पुतण्याने साबणाचे पाणी लावून पाहिले. डाव्या नळीच्या सांध्याशी बुडबुडे येत होते. नळ्या वेगळ्या असल्यामुळे उजवी पिशवी शाबूत होती, आणि न कापलेला रबरी ठोकळा खाली उभा होता. गाव येईपर्यंत त्याने गाडी बैलगाडीच्या गतीने नेली. सांधा आवळून घ्यायला अर्धा तास लागला. ते ९० किलो त्या वेळी गाडीत असते तर काय झाले असते, हा प्रश्न कोणी काढला नाही. पुढे सागरसंगमाशी बाकी मंडळी नावेने पलीकडे गेली. गाडी नावेत मावत नाही. ती भडोचच्या पुलावरून आणावी लागते. म्हणजे ज्याने सगळ्यांना परिक्रमा घडविली त्याला स्वतःला मैया ओलांडावी लागली. पुतण्या एवढेच म्हणाला की, रिकाम्या गाडीत दहा पौंड हवा सोडून दिली तेव्हा कोठे ती नीट चालली.

आमच्या मध्यप्रदेशातील शासकीय शाळांत अतिथी शिक्षक नेमण्याची पद्धत आहे. जागा रिकामी असते, तिथे हे तरुण येतात आणि वेळापत्रक सावरून धरतात. पुष्कळ जण मनापासून शिकवितात. त्यांच्यावाचून कित्येक वर्ग चालले नसते. पण वेळापत्रकाचे सगळे रकाने भरलेले दिसले की ती जागा अजून रिकामीच आहे, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. हल्ली असा भरलेला तक्ता समोर आला की मला तो धर्मकाटा आठवतो. मदतनिसाचे आभार मानावेत, त्याच्यात हवा राखावी, आणि तरीही अधूनमधून काट्यावर जाऊन यावे. समतल दिसणे आणि भार मुभेत असणे यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. तो मोजावा लागतो.

दादा परतले ते उन्हाने थोडे काळवंडून आणि तोंडभर हसत. पाठीबद्दल विचारले तर म्हणाले, “तिला आठवणच राहिली नाही.” वहिनींच्या भगिनींनी मला अमरकंटकाहून आणलेल्या प्रसादाची पुडी दिली. पुतण्याने सामान उतरविले, दोन्ही व्हॉल्व्ह दाबून पाच पौंडांपुरती हवा ठेवली आणि बाकीची सोडून दिली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.